शेजारधर्म आणि आजचा काळ

सांप्रत एक प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, परंतु तो उघडपणे विचारण्यास कोणी धजत नाही. म्हणून त्याचा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा की, आजाऱ्यासाठी रुग्णालय आहे, अपघातात सापडलेल्यासाठी शासनाची गाडी आहे, निराधारासाठी निवृत्तिवेतन आहे, गरिबासाठी शिधापत्रिका आहे. मग एकट्यादुकट्या मनुष्याच्या दयेचे प्रयोजन ते काय उरले? पूर्वी शेजाऱ्यावाचून चालत नसे, म्हणून शेजारधर्म होता. आता शेजाऱ्यावाचून चालते. तर तो धर्म कशासाठी पाळावयाचा?

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्यातला आहे असे कोणी समजू नये. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील आमच्या वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावी, आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरही, तो येऊन ठेपला आहे. वृद्ध वाचकांस इर्जिक आठवत असेल. ज्याची नांगरट किंवा पेरणी मागे पडली असे, त्याच्या शेतात गावचे शेतकरी आपापली औते घेऊन एक दिवस येत. मजुरी कोणी मागत नसे; घरधन्याने सर्वांना पोटभर जेवू घालावे एवढीच रीत होती. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबावे आणि उद्या तू माझ्या. ज्याच्या दावणीला एकच बैल असे, तो दुसऱ्या एकबैल्याशी पैरा करी आणि दोघांची शेते त्या जोडीने निघत. आज ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने मिळतो, मळणीचे यंत्र पोत्यावर ठरते, आणि काम झाले की पैसे चुकते करून कोणी कोणाचा मिंधा राहत नाही.

ह्यावरून पुष्कळ लोक असे बोलू लागतात की, पूर्वीचे लोक प्रेमळ होते व आताचे लोक कठोर झाले. आम्हास हे मत मान्य नाही. गेलेल्या काळाची स्तुती करणे सोपे असते, कारण तो उत्तर देण्यास येत नाही. इर्जिक व सावड ह्या उत्तम चाली होत्या ह्यात संशय नाही. परंतु त्या परतफेडीवर उभ्या होत्या. ज्याच्याजवळ औत नव्हते, बैल नव्हता, जमीन नव्हती, त्याच्याशी पैरा कोण करणार? शिवाय त्या शेजाराला एक कुंपण होते. आपल्या मंडळ्यांतील ज्या कुटुंबांच्या आजा-पणज्यांना गावच्या विहिरीच्या काठावर पाय ठेवण्याची मोकळीक नव्हती, त्यांस हे कुंपण कशाचे होते ते सांगावयास नको. १८६८ साली जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. एका घरधन्याने तहानेल्या शेजाऱ्यास पाणी भरू दिले, एवढीच ती गोष्ट. तरी तिची नोंद इतिहासात झाली. ती त्या काळी किती अपूर्व होती हे ह्यावरूनच कळते. पुढे १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठीसुद्धा डॉक्टर आंबेडकरांस व त्यांच्या हजारो अनुयायांस सत्याग्रह करावा लागला. तेव्हा जुना शेजारधर्म हा अर्धा प्रीतीचा व अर्धा सोयीचा होता, असेच म्हणणे न्यायाचे होईल.

यंत्राने आणि पैशाने त्यातला सोयीचा अर्धा भाग काढून नेला आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय झाले, हाच खरा प्रश्न आहे. जर आपण शेजाऱ्यास केवळ गरजेपोटी धरून होतो, तर गरज संपताच तो आपल्यास परका होईल, व तसे झालेले आपण पाहतो. परंतु ज्याच्याकडून आपणास काही मिळावयाचे नाही, त्याच्यासाठी काही करण्याची संधी पूर्वीपेक्षा आज अधिक शुद्ध रूपाने आली आहे, असेही म्हणता येईल. परतफेडीची आशा नसलेला शेजारधर्म हाच आपल्या प्रभूने शिकविलेला शेजारधर्म होय.

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील दृष्टांत आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. त्यामुळेच त्यातील पुष्कळ गोष्टी आपल्या नजरेतून निसटतात. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा रस्ता सुमारे २५ किलोमीटरांत हजार मीटर खाली उतरतो. तो ओसाड, वळणावळणांचा व लुटारूंस सोयीचा होता. त्या रस्त्यावर याजक व लेवी थांबले नाहीत. ते दुष्ट होते असे प्रभू कोठेही म्हणत नाही. कदाचित त्यांस भय वाटले असेल. कदाचित प्रेतास शिवल्याने विटाळ होईल अशी शंका आली असेल. कदाचित मागून कोणी तरी येईलच असे त्यांस वाटले असेल. ही तिन्ही कारणे आजही जिवंत आहेत. मग शोमरोनी आला. यहूदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत अशा लोकांतला तो होता. शास्त्र्याने विचारले होते की, माझा शेजारी कोणास म्हणावे? त्याला एक मर्यादा आखून हवी होती: इतके लोक आत, बाकीचे बाहेर. प्रभूने दृष्टांत सांगून झाल्यावर प्रश्नच उलटा केला, आणि त्या तिघांतला कोण जखमी मनुष्याचा शेजारी झाला असे त्यालाच विचारले. म्हणजे शेजारी हा घराच्या भिंतीने ठरत नाही, जातीने ठरत नाही, मंडळीच्या पटावरील नावानेही ठरत नाही. तो थांबल्याने होतो.

सोलापूरच्या लोकांस तर ह्याचे एक मोठे उदाहरण घरचेच आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीन देशात गेले. ज्यांची भाषा ठाऊक नाही अशा जखमी सैनिकांची सेवा त्यांनी केली, आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेविला. इतके दूर जाण्याचे पाचारण प्रत्येकास होत नाही. आपल्यास बहुधा रस्ता ओलांडण्याचेच पाचारण होते. आणि आश्चर्य असे की, तेच अधिक अवघड जाते.

आता रस्त्याचीच गोष्ट घेऊ. २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. ह्यांपैकी पुष्कळ लोक वेळेवर मदत मिळती तर वाचते, असे वैद्य सांगतात. लोक का थांबत नाहीत ह्याची चौकशी झाली तेव्हा उत्तर आले की, पोलिसांचा ससेमिरा नको, न्यायालयाच्या खेपा नकोत, रुग्णालयाने आपल्याकडूनच पैसे मागावयास नकोत. ही भीती अगदीच खोटी नव्हती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांस बळ दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले. आणि २०२० साली त्याचे नियम झाले. आता जो मनुष्य शुद्ध हेतूने अपघातग्रस्तास साहाय्य करतो, त्याच्या हातून साहाय्य करताना काही चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दावा लागत नाही. आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. जखमीस पोहोचवून तो निघून जाऊ शकतो.

ह्या कायद्यात अशा मनुष्यास जे नाव दिले आहे ते ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी. ज्या देशात ख्रिस्ती लोक शंभरांत दोन-तीनच आहेत, त्या देशाच्या कायद्याने आपल्या प्रभूच्या दृष्टांतातले नाव घेतले. ह्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मते अभिमानापूर्वी लाज व जबाबदारी ह्यांचा विचार व्हावा. नाव आपल्या शुभवर्तमानातले, आणि वैराग-बार्शी रस्त्यावर मोटारसायकल घसरून पडलेल्यापाशी गर्दीतले लोक भ्रमणध्वनीवर चित्रे काढीत उभे असताना त्यांत आपल्या मंडळीचा तरुणही असावा, हे शोभत नाही.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. कायद्याने भीती काढली. परंतु कायदा कोणास थांबवू शकत नाही. २०१४ सालापासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर बोलाविता येणारी रुग्णवाहिका आहे, आणि ती मोठी देणगी आहे. तथापि तिला कोणी तरी हाक मारावी लागते. ती येईपर्यंतच्या वेळात जखमीजवळ बसावे लागते, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ फडके दाबून धरावे लागते, भोवतालची गर्दी मागे सारावी लागते, आणि ‘भिऊ नका, गाडी निघाली आहे’ असे बोलावे लागते. शासन औषध देऊ शकते, निवृत्तिवेतन देऊ शकते, पण सोबत देऊ शकत नाही. शोमरोन्याच्या दृष्टांतातही उतारशाळा होती; परंतु ती जखमीकडे चालत आली नाही. रस्ता आणि उतारशाळा ह्यांमधले अंतर मनुष्याच्या पायांनीच तोडावे लागले. आजच्या सर्व सोयी ह्या उतारशाळा आहेत. त्या वाढल्या म्हणून आपले काम संपले नाही. उलट आपल्या थोड्याशा श्रमाचे फळ पूर्वीपेक्षा मोठे झाले आहे.

हे असूनही मनुष्य मागे का राहतो? आमच्या मते त्याचे पहिले कारण भय आहे. २०२० साली महामारी आली तेव्हा कित्येक गावांनी आपल्या वेशी काटेरी फांद्यांनी बंद केल्या व परक्यास मज्जाव केला. सावधगिरी आवश्यक होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सावधगिरी कोठे संपते व कठोरपणा कोठे सुरू होतो, हे पुष्कळांनी पाहिले नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ, घराकडे पायी निघालेले १६ मजूर थकून रेल्वेच्या रुळांवर निजले असता मालगाडीखाली मृत्यू पावले. ते मजूर आपल्या गावावरून गेले असते तर त्यांस ओसरीवर निजावयास जागा मिळाली असती काय, हा प्रश्न प्रत्येक गावाने आपल्यास विचारावा. ह्याच्या उलट १८९७ सालचा प्लेग आठवावा. सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलास आपल्या पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले. त्यांसही तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या. शोमरोनीही यरुशलेमेच्या मंडळीचा नव्हता.

दुसरे कारण असे की, आपण दयेस मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवितो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला व हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली गेली, तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून धान्य, कपडे व माणसे धावून आली. हे उत्तमच झाले. परंतु संकट मोठे असले म्हणजे सर्वांचे डोळे तिकडे असतात, सर्वजण देत असतात, आणि काही दिवसांनी ते संपते. रोजच्या दयेस साक्षीदार नसतो व शेवटही नसतो. शेजारच्या म्हातारीस दर महिन्यास औषध आणून द्यावे लागते, आणि ती दर महिन्यास तीच तक्रार सांगते. भूकंपात धावणारा मनुष्य तिच्या दारावरून मात्र घाईने निघून जातो. आम्हास वाटते, न्यायाच्या दिवशी आपल्यास विचारले जाईल ते बहुतेक तिच्याविषयीच.

आता आपल्या भागातील प्रत्यक्ष गोष्टींकडे वळू. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. दरवर्षी गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे बीड, धाराशिव इत्यादी भागांतून ऊसतोड करणारी कुटुंबे येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून राबतात. त्या जोडप्यास एक ‘कोयता’ असे म्हणतात, म्हणजे दोन माणसांची गणती एका हत्याराच्या नावाने होते. उसाच्या पाचटाच्या कोपीत ती चार-पाच महिने आपल्या शिवारात राहतात. पहाटेच्या थंडीत आया फडात जातात, आणि लेकरे कोपीपाशी राहतात. ही माणसे आपले शेजारी की परके? गावच्या यादीत त्यांचे नाव नाही; मंडळीच्या पटावर नाही; पुढल्या वर्षी ती दुसरीकडे जातील. परतफेड तर मुळीच नाही. तेव्हा शास्त्र्याच्या प्रश्नाची खरी परीक्षा आपल्याकरिता यरीहोच्या रस्त्यावर नसून ह्या कोप्यांपाशी आहे.

आणि आपण एक गोष्ट विसरू नये. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने सोलापूर व अहमदनगर येथे अनाथ झालेल्या मुलांस आश्रय दिला. आज ज्यांस आपण मोठ्या अभिमानाने जुनी ख्रिस्ती घराणी म्हणतो, त्यांपैकी कित्येकांचा मूळपुरुष असाच उचलून आणलेला उपाशी मुलगा होता. म्हणजे दृष्टांतात आपली जागा शोमरोन्याची नसून प्रथम जखमीची आहे. ज्यास कोणी उचलले, त्याने दुसऱ्यास उचलणे हे दातृत्व नव्हे. ते ऋण आहे, आणि ते ज्याने दिले त्याला नव्हे तर पुढच्या गरजवंतास फेडावयाचे असते.

मग करावे काय? मोठ्या संस्था उभारा असे आमचे म्हणणे नाही. कोपीतल्या लेकरास ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे हे सांगावे, व एकदा बरोबर जावे. आपल्या बोअरचे पाणी त्यांस भरू द्यावे. ज्यांच्या पूर्वजांस पाणी नाकारले गेले, त्यांच्या हातून तरी पाणी नाकारले जाऊ नये. ज्याच्या घरी उसाची ट्रॉली आहे त्याने तिच्या मागे लाल परावर्तक लावावेत, कारण रात्री अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आपटून कोणाचा तरी मुलगा मरतो. असा अपघात होऊच न देणे, ही जखम बांधण्याइतकीच दया आहे.

आणखी एक नव्या प्रकारचा जखमी मनुष्य आपल्या काळात उत्पन्न झाला आहे. त्याच्या अंगावर जखम दिसत नाही. त्यास कागदाने अडविलेले असते. श्रावणबाळ योजनेचे किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्या वृद्धेस मिळावयाचे, तिच्या बोटांचे ठसे झिजून गेल्यामुळे यंत्र ते ओळखीत नाही. बँकेत कोणी सांगते आधार जोडा, कोणी सांगते उद्या या. तिला अक्षर येत नाही आणि तिचा मुलगा पुण्यास आहे. आपल्या मंडळीत दहावी-बारावी झालेली मुले-मुली आहेत, व प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. रविवारची उपासना झाल्यावर त्यांपैकी दोघांनी मंदिराच्या ओट्यावर तासभर बसावे आणि जो येईल त्याचे अर्ज भरून द्यावेत. तो ख्रिस्ती असो, मुसलमान असो, मराठा असो वा धनगर असो. त्याबद्दल पैसा घेऊ नये, आणि त्याच्याकडून उपासनेस येण्याचे वचनही घेऊ नये. मोबदला म्हणून मागितलेले वचन हे पैरा करण्यासारखेच आहे.

ह्यावर कोणी म्हणतील की, आजकाल फसविणारे फार झाले आहेत. खोट्या आजाराची कथा सांगून पैसे उकळणारे दारोदार फिरतात. हे खरे आहे, आणि प्रभू आपणास भोळे होण्यास सांगत नाही. शोमरोन्याची रीत पाहा. त्याने स्वतः पाहून जखम बांधली. पैसे दिले ते उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती. परत येण्याचा वायदा करून हिशेब उघडा ठेविला. आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्याने आपला प्रवास कायमचा सोडला नाही, की घरदार विकले नाही. त्याचा एक दिवस उशिराचा गेला, आणि दोन नाणी गेली. ह्यावरून आम्ही असे समजतो की, शहाणपण व दया ह्यांचे वैर नाही. ज्यास फसण्याची भीती वाटते त्याने पैसे देऊ नयेत, वेळ द्यावा. खोटा आजारी दवाखान्यापर्यंत बरोबर येत नाही, खरा येतो.

शेवटी एक सूचना. केलेल्या मदतीचे चित्र काढून ते लोकांस दाखविण्याची जी चाल पडली आहे, ती आपल्या मंडळ्यांत तरी नसावी. घेणाऱ्याचा हात पसरलेला दिसावा आणि देणाऱ्याचा चेहरा हसरा दिसावा, अशा चित्रात घेणाऱ्याची अब्रू जाते. डोंगरावरील प्रवचनात दानधर्म गुप्तपणे करण्याविषयी जे सांगितले आहे, ते देणाऱ्याच्या आत्म्यासाठी जितके आहे तितकेच घेणाऱ्याच्या मानासाठीही आहे.

ह्या आठवड्यात प्रत्येक वाचकाने एवढेच करावे: ज्या रस्त्याने आपण रोज शेतास, शाळेस किंवा बाजारास जातो, त्या रस्त्यावर आपण कोणास ओलांडून जातो ते पाहावे. कदाचित ती कोपी असेल, कदाचित ती म्हातारी असेल, कदाचित ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले तो भाऊबंद असेल. त्याच्यापाशी एकदा थांबावे. पुढे काय करावयाचे हे थांबलेल्यास आपोआप दिसू लागते, आणि ज्या प्रभूने आपल्यास रस्त्याच्या कडेस पडलेले पाहून ओलांडून जाण्याचे नाकारले, तो त्यास लागणारे बळ देईल.